शशीला दाखवलेलं पत्र

प्रमोदिनीला इंग्रजी वाचता येत नाही असं लोक म्हणायचे, पण ते काही खरं नव्हे. बसचा नंबर, दुधाच्या बाटलीवरची तारीख, शाळेच्या किचनमध्ये भिंतीला चिकटवलेली ॲलर्जीची यादी, एवढं ती बरोब्बर वाचायची. कार्डिफच्या रस्त्यावर पांढऱ्या रंगाने हातभर मोठं ‘आराफ’ लिहिलेलं असतं ना, हळू जा म्हणून, ते तर इंग्रजीही नाही, वेल्श आहे, तेही तिला यायचं. आणि एक शब्द तिच्या नवऱ्याने तिच्याकडून घोटून घेतला होता.

नवरा म्हणजे शशी. इथल्या एका हॉटेलात तंदूरवर कामाला होता. वर्क परमिटवर आला, मग हिला मिरजेहून आणलं, मग कितीतरी वर्षं वकील, फॉर्म, फोटो, पुन्हा फॉर्म. एकदाचा दोघांच्या पासपोर्टात कायमचं राहायचा शिक्का बसला, पण शशीच्या मनातली धाकधूक काही गेली नाही. एका रविवारी त्याने हॉटेलच्या ऑर्डरच्या पॅडवर मोठाली अक्षरं काढली आणि तिला समोर बसवलं.

“हे बघ, इमिग्रेशन. लांबलचक आहे, घाबरू नकोस. पुढची दोन अक्षरं, आय आणि एम, विसरलीस तरी चालेल, मागचं शेपूट लक्षात ठेव. मायग्रेशन. म्हण.”

“मायग्रेशन.”

“असलं शेपूट दिसलं की त्या कागदावर सही नाही करायची. शेजारणीला नाही दाखवायचा. पोरीला नाही दाखवायचा. आधी मला दाखवायचा. कळलं?”

“आणि तुम्ही नसलात तर?”

“मी कुठं जातोय? रात्री बाराला येतोच की घरी.”

आता बघा, माणूस किती सहज बोलून जातो. पोरगी, अनुया, दहा वर्षांची होती तेव्हा शशी बसस्टॉपवर उभ्याउभ्या कोसळला. छातीत दुखतंय असं कोणाला सांगायलाही त्याला सवड मिळाली नाही.

त्याच्यामागे प्रमोदिनी राहिली, अनुया राहिली, आणि दारामागच्या खुंटीवर त्याचा जाड काळा कोट राहिला. बाकीचे कपडे तिने देऊन टाकले. कोटाला हात लावायचं तिच्याने झालं नाही. येता-जाता त्याच्या बाहीला तिचा खांदा लागायचा, तेवढंच.

प्रमोदिनी शाळेच्या किचनमध्ये लागली. डिनर लेडी म्हणतात इथे. सकाळी बटाटे, गाजरं, दुपारी पोरांच्या ताटात कस्टर्ड ओतायचं, मग मोठाले ट्रे घासायचे. काम चार-साडेचार तासांचं, त्यात घर कसलं भागतंय? तिथली मोठी बाई, ग्वेन, साठीची, वेल्श, आवाज असा की भांडी वाजावीत. तिने हिला एकदा कोपऱ्यात घेतलं. “कारियाद,” ती सगळ्यांनाच कारियाद म्हणायची, आपण बाळा म्हणतो ना तसं, “तू काम करतेस, पोर वाढवतेस, पगार एवढासा. मग टॅक्स क्रेडिट का घेत नाहीस?”

प्रमोदिनीला वाटलं, टॅक्स म्हणजे सरकारला द्यायचा. हे उलट कसं? ग्वेननेच फोन लावला, फॉर्म मागवला, किचनच्या टेबलावर पीठ पुसून तो भरला. आणि खरंच, पैसे यायला लागले. काम करणाऱ्या, कमी पगाराच्या, लेकरं असणाऱ्या माणसांसाठीच ते असतात. भीक नाही, उपकार नाही. पण प्रमोदिनीच्या जिभेवर ते कधी बसलं नाही. ती त्यांना नुसते “टॅक्स्याचे पैसे” म्हणायची, तेही हळू आवाजात, अनुयाशिवाय कोणाजवळ नाही.

कारण काय, तर मंडळ. इथलं मराठी मंडळ बहुतेक हॉस्पिटलातल्या डॉक्टर मंडळींचं. माणसं वाईट नव्हेत, पण प्रमोदिनी तिथे गेली की आपोआप स्वयंपाकघरात जायची, आणि आपोआपच तिला तिथे राहू द्यायचे. एका संक्रांतीला ती पोळ्या लाटत होती आणि डॉक्टरांच्या घरच्या लीलावतीताई शेजारी उभ्या राहून म्हणत होत्या, “आपण मरमर मरायचं आणि टॅक्स भरायचा, आणि हे लोक घरी बसून बेनिफिट खाणार!” हिने लाटणं जरा जोरात फिरवलं, दुसरं काय करणार? पोळी फाटली. लीलावतीताई म्हणाल्या, “अगं, जपून.”

तर अशी सात वर्षं गेली. आणि दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, ते पत्र आलं.

तपकिरी पाकीट, खिडकीतून हिचं नाव. पत्र आलं की अनुया वाचायची, हा घरचा रिवाज. पण अनुया कॉलेजला गेलेली, आणि प्रमोदिनीने म्हटलं बघू तरी. उघडलं. वरच ठळक अक्षरात ओळ. त्यात ते शेपूट.

मायग्रेशन. आणि पुढे नोटीस. हा शब्द तर आपलाच, तो कोणाला कळत नाही?

आता खरं काय होतं ते सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पत्रात लिहिलं होतं की टॅक्स क्रेडिट आता बंद होतंय, त्याच्या जागी युनिव्हर्सल क्रेडिट आहे, पण ते आपोआप सुरू होत नाही, तुम्ही स्वतः अर्ज करा, आणि सतरा मेच्या आत करा. एवढंच. एका डब्यातलं दुसऱ्या डब्यात जायचं, त्याला त्यांनी मायग्रेशन नाव दिलेलं. पण प्रमोदिनीने वाचलं ते असं: सतरा मेपर्यंत देश सोडा.

ती मटकन खालीच बसली, जिन्याच्या पायरीवर. डोक्यात एकच चक्र. माझा तो शिक्का तर जुन्या पासपोर्टात, आणि पासपोर्ट केव्हाच संपला. शशी असता तर त्याने बघितलं असतं. अनुया इथे जन्मली, तिचा पासपोर्ट इथला, तिला कोणी हलवणार नाही. मला पाठवतील. आणि पोरगी एकटी राहील.

कोणाला दाखवायचं? शेजारणीला नाही. पोरीला नाही. आधी मला दाखवायचा, तो म्हणाला होता.

ती उठली. कोटाजवळ गेली. पत्राची नीट चौघडी घातली, आतल्या खिशात सरकवली आणि वरून हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. “दाखवलं हो,” म्हणाली. मग डोळे पुसले आणि कुकर लावला.

त्या दिवसापासून त्या घरात एक वेगळीच शाळा सुरू झाली.

“अनू, इकडे ये. रेडिएटरमधली हवा कशी काढायची बघ. ही किल्ली. खाली फडकं धर.”

“आई, उद्या माझा टेस्ट आहे!”

“टेस्ट होईल. घर थंड पडलं तर काय करशील?”

“तुला सांगेन.”

प्रमोदिनीने फडकं स्वतः धरलं. किल्ली तिच्या हातात दिली.

विजेच्या मीटरचं कार्ड कुठल्या दुकानात भरायचं. कचऱ्याची कुठली पिशवी कुठल्या दिवशी. घरमालकाशी फोनवर बोलताना आधी दिवस विचारायचा, मग तक्रार सांगायची. वरणाला फोडणी. पोळ्या. पोळ्यांनी तर दोघींचा अंत बघितला.

“आई, हा पोळी गोल होत नाही!”

“ही पोळी. आणि गोल कशाला पाहिजे? पोटात जाऊन कोण बघतंय? भाजली पाहिजे.”

“आपण टेस्कोची घेऊ ना, विकतची.”

“ती रबराची असते. पुन्हा लाट.”

एकदा अनुयाने लाटणं खाली ठेवलं आणि आईकडे टक लावून बघितलं. “आई, खरं सांग. तू मरणार आहेस का?”

“काहीतरीच काय!”

“मग मला हे सगळं का शिकवते? माझ्या वर्गातल्या सियाची आई तिला काहीच शिकवत नाही. सिया टोस्ट जाळते.”

“सियाच्या आईकडे वेळ आहे,” प्रमोदिनीच्या तोंडून गेलं. आणि मग घाईने, “म्हणजे रविवारची सुट्टी आहे तिला. जा, अभ्यास कर.”

पोरगी गेली. हिने त्या वेड्यावाकड्या पोळ्या एकावर एक रचल्या, तूप लावलं. आणि वाईट कशाचं वाटत होतं सांगू? पोरगी शिकत होती याचं. पटापट शिकत होती. फोडणी जळेना झाली. आपण नसलो तरी हिचं चालेल, हेच तर हिला हवं होतं, आणि तेच बघवत नव्हतं.

किचनमध्ये ती गप्प गप्प. ग्वेन विचारायची, “कारियाद, तब्येत बरी आहे ना?” ही म्हणायची, “फाइन, फाइन.” इंग्रजीत हे एक बरं आहे. फाइन म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

पाडव्याला तिने ठरवलं, आज विचारायचंच. मंडळाचा कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये, हॉलच्या खिडकीला गुढी बांधलेली, बाहेर वारा असा की गुढीचं वस्त्र कोणाच्या तरी गाडीला जाऊन अडकलं. लीलावतीताईंची सगळीकडे ओळख, त्या कोणाला तरी सांगतील, वकील बघून देतील. बेनिफिटचं नाही काढायचं, नुसतं नोटिशीचं विचारायचं. शेपूटच तेवढं सांगायचं.

सकाळपासून तिने वाक्य पाठ केलं होतं. श्रीखंडाच्या वाट्या भरून झाल्या, हात पुसले, पदर सारखा केला, आणि ती त्यांच्याजवळ गेली. “लीलावतीताई, एक विचारायचं होतं.”

“हो गं, मीच तुला शोधत होते,” त्या म्हणाल्या. “पुऱ्यांचं ना? कमी पडताहेत. अजून पन्नास होतील का पटकन?”

प्रमोदिनीने पदर खोचला. “होतील,” म्हणाली.

तिने पन्नास पुऱ्या तळल्या. टम्म फुगल्या सगळ्या. सगळ्यांनी नाव घेतलं. बसमध्ये घरी येताना तिच्या कपड्यांना तेलाचा वास येत होता, आणि पाठ केलेलं वाक्य अजून तोंडात तसंच होतं.

सतरा मे आली. शुक्रवार होता.

शाळेच्या किचनला तिने आयुष्यात पहिल्यांदा फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. ग्वेन ओरडली, “फ्रायडेला? फिश अँड चिप्सच्या दिवशी?” प्रमोदिनी म्हणाली, “सॉरी, ग्वेन. थँक यू, ग्वेन. फॉर एव्हरीथिंग.” ग्वेनला वाटलं, बाईला ताप चढलाय.

अनुयाचा पेपर होता. तिला दही दिलं हातावर, दारापर्यंत गेली, कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली. पोरीने कानात ते वायरचं घातलेलं, मागे बघितलं नाही.

मग प्रमोदिनीने अंघोळ केली. हिरवी इरकल काढली, शशी गेल्यापासून ती नेसली नव्हती. वर स्वेटर. जाताना माणसाने नीट दिसावं. बॅग आधीच भरलेली होती: चार साड्या, औषधं, जुना पासपोर्ट, शशीचा फोटो. फ्रिजमध्ये तीन दिवसांची भाजी करून ठेवली, डब्यांवर अनुयाला कळावं म्हणून एक, दोन, तीन असे आकडे घातले. आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर, दाराकडे तोंड करून ती बसली. बॅग पायाशी. डाव्या हाताला कोट.

आठ वाजले. नऊ वाजले. दारातल्या फटीतून काहीतरी पडलं, ती दचकून उभी राहिली. पिझ्झाचा कागद. दोन घेतले की एक फुकट.

अकरा. तिला चहा हवासा वाटत होता, पण नेमके तेव्हाच आले तर? गॅस चालू राहायचा. ती नाही उठली. बाहेरून लोक जात होते, त्यांच्या बोलण्याचे तुकडे येत होते, कोणीतरी कुत्र्याला रागावत होतं. कोटाची बाही तिच्या खांद्याशी होती. “तुम्ही जवळ असता तर काय बोलला असता त्यांच्याशी?” ती त्याला विचारत होती. “तुमचं इंग्रजी तरी कुठं मोठं होतं? पण तुम्ही हसून बोलायचात. मला हसू येत नाही.”

दोनच्या सुमारास दार वाजलं. खरंखुरं, तीनदा.

तिने पदर सारखा केला, बॅगेची कडी धरली, दार उघडलं. एक तरणा माणूस, हातात खोकं. “शेजारी कोणी नाहीये. तुम्ही ठेवून घ्याल का त्यांचं पार्सल?”

“आय ॲम गोइंग,” प्रमोदिनी म्हणाली.

त्याने बॅगेकडे बघितलं. “ओह, लव्हली. हॉलिडे?”

“नो.”

“लवकर परत येणार का?”

“नो,” ती म्हणाली. त्याने बरं म्हटलं आणि शेजारच्या दारात चिठ्ठी टाकून गेला.

बस. त्यानंतर कोणी नाही. तीन वाजले, चार वाजले. कोणी आलं नाही. शशी गेल्यापासून त्या दारात तसं कोण यायचं? पण आज तरी येतील असं तिने धरून चाललं होतं. भीती तर होतीच, पण पाच वाजायला आले तसं भीतीच्या खालून काहीतरी दुसरंच वर आलं. न्यायलासुद्धा आपल्याकडे कोणी येत नाही.

कुलपात किल्ली फिरली तशी तिने बॅग जिन्याखाली ढकलली.

“आई? साडी? कोणाचं लग्न आहे?”

“असंच. काढून बघितली. कसर लागली का म्हणून.”

“छान दिसते तू,” अनुया म्हणाली, आणि फ्रिज उघडला. “एक, दोन, तीन काय लिहिलंय?”

“एक आज खायची,” प्रमोदिनी म्हणाली.

पुढचे दिवस आणखी वाईट. ठरलेली तारीख तरी असते, तिच्याकडे बघत माणूस जगतो. आता तीही नाही. रोज वाटायचं, आज येतील. त्यात टॅक्स्याचे पैसे यायचा दिवस आला आणि पैसे आले नाहीत. पुढच्या खेपेलाही नाहीत. तिला वाटलं, हीच त्यांची पद्धत असणार. आधी पैसे तोडायचे, मग माणूस न्यायचं. घरात हीटर लावायचा नाही, दिवा जपून. अनुयाला सांगितलं, मीटर बिघडलंय.

जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी असा पाऊस लागला की खिडकीतून समोरचं घर दिसेना. अनुयाचा शेवटचा पेपर. तिचं जाकीट आदल्या दिवशीच भिजलेलं, हीटर बंद म्हणून वाळलं नव्हतं. प्रमोदिनी कामाला निघून गेलेली. पोरीने इकडे तिकडे बघितलं आणि खुंटीवरचा कोट उचलला. बापाच्या वासासाठी लहानपणी ती त्यात तोंड खुपसायची. आता तो तिला खांद्यावर बरोबर बसला.

बसमध्ये ओले हात खिशात घालायला गेली आणि आतल्या खिशात कागद लागला.

संध्याकाळी प्रमोदिनी घरी आली तर आधी तिला रिकामी खुंटी दिसली. कोट खुर्चीवर वाळत घातलेला, आणि टेबलाशी अनुया, पुढे ते पत्र.

“आई, हे काय आहे?”

“ठेव ते परत. ते त्यांचं आहे.”

“बाबांचं नाही. तुझं आहे. तुझं नाव आहे याच्यावर. फेब्रुवारीतलं आहे!”

“तू नको वाचूस. तुझ्या बाबांनी सांगितलंय...”

“बाबा गेले, आई!” पोरगी ओरडली. मग तिचा आवाज फुटला. “तू मला रेडिएटर शिकवला. पोळी शिकवली. कचऱ्याचं बिन शिकवलं. आणि हे नाही दाखवलं? तुला काय वाटलं हे काय आहे?”

प्रमोदिनी उभीच होती, हातात ओली छत्री. “मला पाठवणार आहेत ना,” ती म्हणाली. “मिरजेला.”

अनुयाने पत्र बाजूला सारलं. मग उठली, आईच्या हातातली छत्री घेतली आणि तिला घट्ट धरलं. तिला हसावं का रडावं कळेना, ती दोन्ही करत होती. “कोणी नाही पाठवत. आई, हे पैशांचं पत्र आहे गं. पण तारीख गेला. सेवन्टीन्थ मे. म्हणून पैसे थांबले.”

“गेली,” प्रमोदिनी म्हणाली. “तारीख गेली.”

“तेच!”

दुसऱ्या दिवशी बुधवार. लायब्ररीत दर बुधवारी एक सल्ल्याचं टेबल असतं, फुकट, कोणीही जावं. अनुयाने फोनवर शोधून काढलं. दोघी गेल्या. आणि टेबलामागे कोण बसलेलं? ईशानी. लीलावतीताईंची मुलगी. कायदा शिकते, आणि बुधवारी तिथे बसते.

प्रमोदिनी दारातूनच मागे फिरली. अनुयाने तिचा दंड धरला. “आई, नाही.”

“अगं, त्यांची मुलगी! सगळ्या मंडळात होईल.”

पण ईशानीने बघितलं होतं. ती उठून जवळ आली. “काकू! या ना. इथे जे बोलतो ते इथेच राहतो. रूल आहे. मम्मीलापण नाही सांगत मी.” पोरगी इथेच जन्मलेली, मराठी लंगडी, पण मायेची.

तिने पत्र वाचलं. प्रमोदिनीने सगळं सांगितलं, ते शेपूट, तो रविवार, ऑर्डरचं पॅड. ईशानी हसली नाही. त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, “काकू, तुम्ही नाही जाणार. पैसे जाणार. या क्रेडिटमधून त्या क्रेडिटमध्ये. मायग्रेट पैसे होणार, तुम्ही नाही.”

“पैसे?”

“पैसे.”

“मग नोटीस मला कशाला?”

“कारण पैशांना लिहिता येत नाही ना. अर्ज तुम्हाला करायला लागतो.”

प्रमोदिनीने जुना पासपोर्ट पुढे केला. ईशानीने शिक्का बघितला. “पासपोर्ट संपला, शिक्का नाही संपला. हा तुमचाच आहे.” मग तिने तारखा बघितल्या आणि पहिल्यांदा तिचा चेहरा बदलला. “आज बारा जून. तारीख गेली की अजून एक महिना देतात. त्याच्यात अर्ज केला तर तुमचं जुनं जे मिळत होतं ते सांभाळून घेतात. तो महिना पुढच्या आठवड्यात संपतो, काकू. अजून एक आठवडा तुम्ही हे खिशात ठेवलं असतं तर...” तिने वाक्य पुरं केलं नाही. कॉम्प्युटर पुढे ओढला. “आत्ताच करू.”

दोन तास लागले. पगाराची चिठ्ठी, भाड्याचा कागद, अनुयाच्या कॉलेजचं पत्र. ईशानी विचारायची, अनुया सांगायची, प्रमोदिनी दोघींच्या मधे मांडीवर हात ठेवून बसलेली. मधेच ईशानीने विचारलं, “काकू, आधी का नाही आलात? कोणाला तरी विचारायचं होतं.”

“पाडव्याला तुझ्या आईला विचारणार होते.”

“मग?”

“पुऱ्या कमी पडल्या होत्या,” प्रमोदिनी म्हणाली.

ईशानीची बोटं थांबली. तिला आपली आई माहीत होती. “काकू,” ती हळूच म्हणाली, “हे घरी बसणाऱ्यांचे पैसे नाहीत. तुम्ही काम करत होतात म्हणूनच तर मिळत होते. हे कोणी काही बोललं तर सांगा त्यांना.”

“मी कोणाला सांगू?” प्रमोदिनी म्हणाली. तक्रार म्हणून नाही. खरंच विचारलं तिने.

अर्ज मंजूर झाला. पैसे यायला आणखी पाच-सहा आठवडे गेले, पण आले, आणि मधले बुडालेलेही मिळाले. हीटर लागला. ग्वेनला सगळं कळलं तेव्हा तिने मोठ्ठा डाव कट्ट्यावर आपटला. “फिश अँड चिप्सच्या दिवशी! कोणीतरी पकडून नेईल म्हणून वाट बघत! मला एक फोन केला असतास तर मीच आले असते तुला न्यायला!” आणि मग जवळ घेतलं. प्रमोदिनीच्या मनात ते वाक्य राहिलं. मीच आले असते.

बॅग मात्र जिन्याखाली तशीच भरलेली राहिली. रिकामी करायचं दोघींनीही नाव काढलं नाही.

ती उघडली पुढच्या वर्षी, सप्टेंबरात. अनुयाला ग्लासगोच्या युनिव्हर्सिटीत जागा मिळाली. पोरीने जिन्याखालून बॅग ओढली, आईच्या साड्या काढून कपाटात लावल्या आणि आपले कपडे भरले. शशीचा फोटो आधी आईच्या हातात दिला, मग म्हणाली, “कोट मी नेऊ? तिकडे थंडी जास्त आहे.”

प्रमोदिनीने होकार दिला. दुसरं काय देणार? तिनेच तर शिकवलं होतं सगळं, एकटीने कसं राहायचं ते. शिकवताना तिला वाटत होतं, आपण जाणार आणि पोर मागे राहणार. झालं ते उलटं, एवढाच फरक. बस निघाली तेव्हा मात्र पोरीने मागे वळून बघितलं, पार वळणापर्यंत.

आता खुंटी रिकामी आहे. येता-जाता खांद्याला काही लागत नाही. बुधवारी काम संपलं की प्रमोदिनी लायब्ररीत जाते. काही काम नसतं. ईशानीच्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसते, आणि कोणी बाई दारात पत्र छातीशी धरून घुटमळताना दिसली, की उठून तिच्याजवळ जाते. “कम,” म्हणते. “नो फियर. मनी गोइंग, यू नॉट गोइंग.” ती बाई कुठली का असेना, सोमालियाची, बंगालची, तिला कळतं.

परवा अनुयाचा फोन आला. “आई, मी वरण केलं. फोडणी नाही जळला.”

“जळली.”

“नाही ना, नाही जळली!”

“बरं, नाही जळली. चांगलं झालं.”

“आणि आई, इथे घरमालकाचं एक पत्र आलंय. मला नीट कळत नाहीये. काय करू?”

प्रमोदिनी खुर्चीत सरळ बसली. फोन दुसऱ्या कानाला लावला. “वाच,” म्हणाली. “आधी मला वाचून दाखव.”

पोरीने इंग्रजीत सगळं पत्र वाचलं, वरपासून खालपर्यंत, सावकाश. प्रमोदिनीला त्यातलं अर्धंही कळलं नाही. पण तिने मधे टोकलं नाही, संपेपर्यंत ऐकत राहिली.